रोज खेळूनही रेटिंग जागच्या जागी का?

प्रश्न : मी नोकरदार माणूस आहे. लोकलच्या प्रवासात आणि रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. तीन मिनिटांचे डाव पटकन आटोपतात, म्हणून तेच खेळतो. दोन वर्षांत हजारो डाव झाले असतील, पण रेटिंग ९०० ते १०००च्या मध्येच घुटमळते. जरा वर चढले की साइट मुद्दाम तगडा प्रतिस्पर्धी देऊन खाली ओढते, असा मला संशय आहे. ओपनिंगचे व्हिडिओही पुष्कळ पाहिले. एवढा सराव होऊनही खेळ का सुधारत नाही? की चाळिशीनंतर हे जमतच नाही?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. रेटिंगचा आकडा का हलत नाही, हा एक. इतके खेळूनही खेळ का सुधारत नाही, हा दुसरा. दोन्हींची कारणे वेगळी आहेत, म्हणून आधी ते सुटे करू. साइटवरचा संशय पहिल्या उत्तरात फिटेल आणि वयाची काळजी दुसऱ्यात.

रेटिंगची ही पद्धत आर्पाद एलो यांनी बसवली. जन्माने हंगेरीचे असलेले एलो अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः चांगले बुद्धिबळपटू होते. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने त्यांची पद्धत १९६० मध्ये स्वीकारली आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये. तिच्यामागचा विचार सोपा आहे. दोन खेळाडूंच्या आकड्यांतल्या फरकावरून निकालाचा अंदाज बांधायचा. प्रत्यक्ष निकाल अंदाजापेक्षा बरा लागला तर आकडा वाढतो, वाईट लागला तर उतरतो. जिंकल्यास एक गुण आणि बरोबरीस अर्धा धरला, तर सारख्या आकड्याच्या दोघांनी १०० डावांत पन्नास-पन्नास गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. फरक २०० असेल तर वरच्या खेळाडूने साधारण ७६ गुण मिळवावेत आणि ४०० असेल तर सुमारे ९१.

लिचेस आणि चेस डॉट कॉम या साइट याच विचाराची पुढची पायरी वापरतात. मार्क ग्लिकमन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने तयार केलेल्या त्या पद्धतीला ग्लिको म्हणतात. तिच्यात आकड्याबरोबरच त्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा याचाही हिशेब असतो. त्यामुळे नव्या खात्याचा आकडा मोठ्या उड्या मारतो आणि तुमच्यासारख्या जुन्या, नियमित खेळणाऱ्याचा आकडा एकेका डावामागे थोडासाच सरकतो.

आता तुमचा संशय. साइट तुमच्या आकड्याच्या आसपासचा माणूस शोधून जोडी लावते. तुम्ही ९५० वर असता तेव्हा समोर ९५०च्या जवळचा येतो, १०२० वर गेलात की १०२०च्या जवळचा. तुम्ही चढलात की प्रतिस्पर्धीही चढतो. यात कोणाचा डाव नाही, जोड्या लावायची रीतच तशी आहे. तिचा परिणाम मात्र लक्षात घ्यायला हवा. समोर कायम बरोबरीचाच माणूस असल्यामुळे जवळजवळ निम्मे डाव हरणे तुमच्या नशिबी कायम राहणार. २५०० वाला ग्रँडमास्टरही २५०० वाल्यांशी खेळताना निम्म्याच्या आसपासच गुण घेतो.

त्यात योगायोगाची भर पडते. हार-जीत निम्मी-निम्मी धरली, तर लागोपाठ पाच डाव हरण्याची शक्यता बत्तिसात एक निघते. शंभर डावांत एखाद-दुसऱ्या वेळी अशी रांग लागणे स्वाभाविक आहे. पाच हारी झाल्या म्हणून खेळ बिघडला असे नाही आणि पाच विजय झाले म्हणून तो सुधारला असेही नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. वेगवेगळ्या साइटचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. लिचेसवर नवा खेळाडू १५०० पासून सुरुवात करतो, तर फिडेच्या यादीत मार्च २०२४ पासून १४०० च्या खालचे रेटिंगच धरले जात नाही. प्रत्येक ठिकाणची माणसे वेगळी, म्हणून मोजपट्टीही वेगळी. तुमच्या आकड्याची तुलना त्याच साइटवरच्या, तितक्याच मिनिटांच्या डावांतल्या तुमच्याच जुन्या आकड्याशी करावी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच की रेटिंग हे मोजमाप आहे. तुमचे बळ बदलले नाही तर तेही बदलणार नाही. मग हजारो डावांनी बळ का वाढले नाही?

यासाठी थोडा हिशेब करू. तीन मिनिटे म्हणजे १८० सेकंद. डाव चाळीस खेळ्यांचा झाला, तर एका खेळीच्या वाट्याला साडेचार सेकंद येतात. त्याउलट पंधरा मिनिटे आणि दर खेळीला दहा सेकंदांची भर अशा डावात चाळीस खेळ्यांना १३०० सेकंद मिळतात, म्हणजे खेळीमागे बत्तीस सेकंदांहून थोडे अधिक. साडेचार सेकंदांत मन नवा विचार करत नाही, आधीच अंगवळणी पडले असेल तेवढेच बाहेर काढते. तिथे चांगली सवय असेल तर चांगली पक्की होते आणि चुकीची असेल तर चुकीचीही तितकीच पक्की होते. डाव हरल्यावर का हरलो हे कळण्याआधीच बोट ‘नवा डाव’ या बटणावर गेलेले असते. अशा वेळी तुमचे खेळणे होते, पण त्यातून शिकणे होत नाही. हजार डाव झाले तरी तीच चूक हजार वेळा करायला कोणाची आडकाठी नसते.

इथे बहुतेकांच्या मनात एक शंका येते. मोठे खेळाडू तर झटपट डावही उत्तम खेळतात, ते कसे? त्यांना वीस-वीस खेळ्या पुढचे दिसते म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी १९४०च्या दशकात ही गोष्ट तपासून पाहिली. किती पुढचे पाहतात यात ग्रँडमास्टर आणि त्यांच्या खालचे चांगले खेळाडू यांच्यात फारसा फरक त्यांना आढळला नाही. पण खऱ्या डावातली स्थिती काही सेकंदच दाखवून झाकली, तर अव्वल खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी मांडत आणि नवखे गोंधळत. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी मोहरी पटावर वाटेल तशी विखरून हाच प्रयोग केला, तेव्हा अव्वल खेळाडूंची ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली.

याचा अर्थ त्यांची स्मरणशक्ती मुळात अचाट असते असे नाही. आपण ‘बुद्धिबळ’ हा शब्द अक्षरे जुळवत न बसता एका नजरेत वाचतो, तसे ते मोहऱ्यांचे नेहमीचे आकार एका नजरेत ओळखतात. कॅसलिंग केलेला राजा आणि त्याच्या पुढची तीन प्यादी दिसली, की शेवटच्या ओळीवर हत्ती उतरला तर राजाला पळायला घर नाही हे त्यांना मोजावे लागत नाही. असे असंख्य आकार त्यांनी आधी सावकाश, समजून घेत साठवलेले असतात, म्हणून ते वेगात खेळू शकतात.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचे उदाहरण ताजे आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्ध तिचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले, निर्णय जलद डावांत लागला आणि तो चषक व त्यासोबत ग्रँडमास्टर किताब तिने मिळवला. घड्याळ कमी असताना तिने जे वापरले, ते लहानपणापासूनच्या दीर्घ डावांतून, प्रशिक्षणातून आणि स्वतःच्या डावांच्या चिकित्सेतून जमलेले होते. तेव्हा जलद डाव वाईट नाहीत. त्यांत जमवलेले वापरता येते, जमवायचे मात्र दुसरीकडे असते.

आता तुमच्या पातळीवर डाव नेमके कुठे हरले जातात ते पाहू. ९००-१०००च्या आसपासचे बहुतेक डाव एखादे मोहरे फुकट गेल्याने किंवा दोन-तीन खेळ्यांची मात न दिसल्याने संपतात. याचे मूळ बहुतेक वेळा एकाच सवयीत असते. समोरच्याने खेळी केली की आपण लगेच ‘मी आता काय खेळू?’ असे स्वतःला विचारतो. त्याआधी ‘त्याने हे का खेळले?’ हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

ऑनलाइन डावांत वारंवार भेटणारा एक सापळा जवळून पाहा, म्हणजे मुद्दा पटेल. शक्य असेल तर पट मांडूनच वाचा. पांढऱ्याचे प्यादे ई४, काळ्याचे ई५. पांढऱ्याचा घोडा एफ३, काळ्याचा सी६. पांढऱ्याचा उंट सी४. इथे काळा अचानक घोडा डी४ वर नेतो. ई५ वरच्या प्याद्याचा जोर गेला! पांढऱ्याला ते फुकट वाटते आणि तो घोड्याने ते मारतो. काळा वजीर जी५ वर आणतो. आता तो वजीर घोड्यावरही आहे आणि जी२ वरच्या प्याद्यावरही. पांढऱ्याला मात्र वेगळेच दिसते. घोड्याने एफ७ मारले, तर वजीर आणि हत्ती दोन्हींवर हल्ला! तो हावेने एफ७ मारतो. काळा वजिराने जी२ मारतो आणि एच१ वरच्या हत्तीवर येतो. पांढरा हत्ती एफ१ वर सरकवतो. काळा वजिराने ई४ वरचे प्यादे मारून शह देतो. पांढरा उंट ई२ वर आणून शह अडवतो आणि काळा घोडा एफ३ वर ठेवतो : मात. ई२ वरचा उंट वजिरामुळे राजापुढे जखडला आहे, त्यामुळे घोडा मारता येत नाही, आणि राजाच्या सगळ्या बाजूंना त्याचीच मोहरी उभी आहेत.

हा सापळा इंग्लिश खेळाडू जोसेफ ब्लॅकबर्न यांच्या नावाने ओळखला जातो. गंमत अशी की मुळात काळ्याची घोडा डी४ ही खेळीच कमकुवत आहे. पांढऱ्याने शांतपणे एफ३ वरच्या घोड्याने डी४ वरचा घोडा मारला, काळ्याने प्याद्याने परत मारले आणि पांढऱ्याने कॅसलिंग केले, की पांढऱ्याची स्थिती सरस होते. त्यासाठी कोणताही व्हिडिओ पाठ असण्याची गरज नव्हती. ‘फुकट प्यादे का देतोय हा?’ एवढे विचारले असते तर पुरे होते.

म्हणून पहिला उपाय असा : दर खेळीआधी तीन गोष्टी पाहायच्या. समोरच्याच्या शेवटच्या खेळीने कशावर हल्ला झाला आणि कशाचा जोर सुटला? दोन्ही बाजूंना कोणते शह आणि कोणती मारामारी उपलब्ध आहे? मी ठरवलेल्या खेळीनंतर माझे कोणते मोहरे बिनजोर उरते? सुरुवातीला याला वीस-तीस सेकंद लागतात. तेवढा वेळ पंधरा मिनिटांच्या डावात असतो आणि तीन मिनिटांच्या डावात नसतो. काही महिन्यांनी ही तपासणी आपोआप, क्षणात होऊ लागते आणि मग ती तुमच्या जलद डावांतही उतरते.

ओपनिंगच्या व्हिडिओंचा उपयोग का झाला नाही, तेही यातून दिसते. तुम्ही बारा खेळ्या पाठ करता आणि समोरचा चौथ्याच खेळीला पुस्तकाबाहेर जातो. तिथून पुढे पाठांतर कामाला येत नाही. या पातळीवर चार सूत्रे पुरतात : मधल्या घरांवर प्यादी, घोडे-उंट लवकर बाहेर, वजीर उगीच लवकर बाहेर नाही आणि वेळेवर कॅसलिंग. पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून एक-दोन ओपनिंग निवडा आणि त्यांतल्या खेळ्यांमागची कारणे समजून घ्या. बाकी व्हिडिओ करमणूक म्हणून खुशाल पाहा.

दुसरा उपाय कोड्यांचा. दोन मोहऱ्यांवर एकदम हल्ला, मोहरे राजापुढे जखडणे, शेवटच्या ओळीवरची मात हे आकार नजरेत बसायला कोड्यांसारखे साधन नाही. दोन्ही साइटवर ती मिळतात. मात्र अंदाजाने पहिली खेळी दाबून ‘बघू बरोबर येते का’ असे करू नका. समोरच्याचे उत्तर धरून शेवटपर्यंतचा क्रम मनात पूर्ण करा, मगच मोहऱ्याला हात लावा. घाईत सोडवलेल्या पन्नास कोड्यांपेक्षा अशी दहा कोडी अधिक देऊन जातात. लोकलच्या प्रवासाला हे काम उत्तम, कारण मध्येच नेटवर्क गेले तरी डाव हरत नाही.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा. हरलेला डाव पुन्हा पाहायचा. पहिल्यांदा संगणकाशिवाय पाहा. आपले कुठे बिनसले असे वाटते आणि त्या क्षणी मनात काय होते, ते एका ओळीत वहीत लिहा. मगच संगणकाचे विश्लेषण उघडा. बहुतेक ठिकाणी त्यामागे स्टॉकफिश हा मुक्त, मोफत प्रोग्राम असतो आणि तो कोणत्याही विश्वविजेत्यापेक्षा ताकदवान आहे. त्याने दाखवलेला १ हा आकडा ढोबळमानाने एका प्याद्याची आघाडी सांगतो. ०.३ की ०.५ यात तुम्ही-आम्ही डोके घालू नये. आलेख जिथे एकदम दोन-तीन आकड्यांनी कोसळला, तिथे थांबा आणि आपल्या नजरेतून काय सुटले ते शोधा. एका डावातून अशी एकच गोष्ट घेतली तरी पुरे.

‘अचूकता’ म्हणून दाखवलेल्या टक्केवारीला फार महत्त्व देऊ नका. सोप्या, सरळ डावात ती आपोआप वाढते आणि गुंतागुंतीच्या डावात चांगला खेळाडूही कमी दिसतो.

अंतिम अवस्थेकडेही थोडे लक्ष हवे, कारण जिंकलेले डाव तिथे हातचे जातात. क्यूबाचे विश्वविजेते कापाब्लांका यांनी १९२१ मध्ये आलेल्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकाची सुरुवात साध्या मातांपासून आणि थोड्या मोहऱ्यांच्या स्थितींपासून केली, ती उगीच नाही. एकच उदाहरण घ्या. काळ्याचा एकटा राजा एच८ वर आहे. पांढऱ्याकडे वजीर आहे आणि तो उत्साहाने वजीर जी६ वर नेतो. काळ्याला शह नाही, पण जी७, जी८, एच७ ही तिन्ही घरे वजिराने रोखली आहेत. खेळायला घरच नाही, म्हणून डाव बरोबरीत. वजीर आणि राजा मिळून मात, हत्ती आणि राजा मिळून मात, आणि एका प्याद्याला वजीर करण्यासाठी आपला राजा प्याद्याच्या पुढे नेणे, एवढ्या तीन गोष्टी पक्क्या केल्या तरी हे नुकसान थांबते.

राहिला वयाचा प्रश्न. ग्रँडमास्टर व्हायचे असेल तर लहानपणापासूनची वर्षानुवर्षांची मेहनत लागते, हे खरे. पण मोहरे फुकट देणे किंवा समोरच्याची धमकी न पाहणे या चुकांचा चाळिशीशी संबंध नाही. दहा वर्षांची मुलेही त्याच करतात आणि याच रीतीने सुधारतात. मोठ्या माणसाला अडवतो तो वेळ. अर्ध्या तासात सात डाव उरकण्याची घाई दमलेल्या मनाला फार भुरळ घालते, आणि हरल्यावर ‘शेवटचा एक’ म्हणत आणखी चार डाव हरले जातात. लागोपाठ दोन डाव हरले की त्या दिवसापुरते थांबायचे, असा नियमच करा. तिसरा डाव रागाच्या भरात खेळला जातो.

तुमच्या दिनक्रमात हे असे बसेल. कामाच्या दिवशी प्रवासात दहा-पंधरा मिनिटे कोडी. आठवड्यातून दोन किंवा तीन रात्री पंधरा मिनिटे अधिक दहा सेकंदांचा एकच डाव. चाळीस खेळ्यांपर्यंत गेला तर तो दोघांचा वेळ धरून जास्तीत जास्त पाऊण तास चालतो, बहुतेकदा लवकर संपतो. दुसऱ्या दिवशी त्याच डावाची वहीतली एक ओळ. रविवारी अंतिम अवस्थेचा एक धडा आणि मन लागले तर हौसेने तीन मिनिटांचे काही डाव. ते सोडायची गरज नाही.

प्रगती मोजायला पहिले तीन महिने रेटिंगकडे पाहू नका. महिन्याच्या शेवटी वही उघडा आणि हरलेल्या डावांपैकी किती मोहरे फुकट दिल्यामुळे हरले ते मोजा. हा आकडा उतरू लागला की तुमचे बळ वाढले, आणि आधी पाहिलेल्या हिशेबाप्रमाणे रेटिंगला त्याची नोंद घ्यावीच लागते, फक्त ती थोडी उशिरा घेते.

तुम्ही हरलेला एखादा पंधरा मिनिटांचा डाव, वहीतल्या तुमच्या ओळीसह, इथे जरूर पाठवा. तो घेऊन पुढचे बोलू.